काकूंच्या नावाने लिहिलेला एक शब्द

ज्या रविवारी गावाला कळलं की काकू दोन महिन्यांपूर्वीच वारल्या, त्या रविवारी ती बातमी माझ्यावरूनच गेली. एका बोटाने टाइप झाली. दोन ओळींना बारा मिनिटं लागली. मग एकाने एवढंच विचारलं, "मग इतके दिवस आमच्याशी कोण बोलत होतं?"

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. इतक्या दिवसांचं ते सगळं बोलणं माझ्याच बटणांवरून गेलं होतं, म्हणून ही हकिगत सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझं एकेक बटण अंगठ्याने दाबून बसवलं आणि पुढच्याकडे सरकवलं. दुकानात मी बरेच दिवस पडून होतो, कारण मी जाडजूड आणि खडखड आवाज करणारा. लोकांना पातळ, मुके कीबोर्ड हवे होते. पण एक मुलगी आली, तिने माझ्यावर बोटं चालवून पाहिली आणि म्हणाली, "हाच द्या. माझ्या आईला असाच आवाज लागतो."

तिची आई म्हणजे काकू. त्यांनी तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट म्हणून काम केलं होतं. दहाही बोटं चालायची, आणि माझ्याकडे त्या बघायच्यासुद्धा नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याच्याकडे बघावं लागत नाही त्याच्यावरच खरा भरवसा असतो.

निवृत्तीनंतर गुडघ्यांनी दगा दिला. जिने उतरणं बंद झालं, तेव्हा मुलीने त्यांना इंटरनेटवरचा एक खेळ लावून दिला. त्यात कुठकुठली माणसं आपापल्या घरून येतात आणि मिळून एक गाव वसवतात. खेळ बनवणाऱ्यांनी फक्त नदी, माती आणि हवामान दिलं होतं. कायदे गावकऱ्यांनी स्वतः करायचे. गावात एकेचाळीस जण होते आणि सगळे टोपणनावाने वावरत. बियाण्याचं कोठार सामाईक होतं. दर रविवारी दुपारी बाराला विहिरीजवळ बैठक भरायची आणि मत द्यायला प्रत्येकाने पांढरा किंवा काळा दगड टाकायचा. दुसऱ्याच वर्षी गावाने काकूंना प्रमुख केलं.

काकूंनी एक नियम घालून दिला. कोणाला गावाबाहेर काढायचं असेल, तर आधी त्याच्या बाजूने एकाने तरी बोललंच पाहिजे. कोणी पुढे आलं नाही तर प्रमुखाने बोलायचं.

"चोराची बाजू घ्यायची?" भिंगरी नावाच्या एका फटकळ गावकरणीने विचारलं होतं.

"चोर आहे की नाही ते बोलून झाल्यावर कळेल ना गं," काकूंनी लिहिलं.

सात वर्षांत त्या अकरा जणांच्या बाजूने बोलल्या. गावाला त्यातले दोघेच काढता आले.

काकूंचे यजमान पंपांच्या मोटारी दुरुस्त करत. दुकान खाली, घर वर. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. जेवायला वर आले की त्यांची थट्टा सुरू व्हायची.

"अगं, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! मला वाढायचं सोडून त्या चित्रातल्या माणसांची भांडणं सोडवतेस?"

"चित्रातली असली तरी भांडतात खऱ्यासारखी. भात ओट्यावर आहे. गप्प बसा, बैठक चालू आहे."

मिस्त्री गप्प बसायचे, पण ताट घेऊन मागच्या खुर्चीवरच बसायचे. सात वर्षं त्यांनी प्रत्येक बैठक पाहिली. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याला नियम ठाऊक नव्हता असं त्यांना कधीच म्हणता येणार नाही.

एका सोमवारी दोघं हॉस्पिटलात गेली. गुरुवारी मिस्त्री एकटेच परत आले.

पंधरा दिवस माझ्यावर धूळ बसली. मग मिस्त्री मला आणि संगणकाला चादरीने झाकायला आले आणि त्यांचा हात लागून पडदा उजळला. खेळ बंद करायचा राहूनच गेला होता. "काकू, कुठे आहात?" "काकू, बांधाला भेग पडलीय." "काकू, तुमच्या दाराशी लाकडं रचून ठेवलीत." असे साठेक निरोप होते. घरी येणारं कोणी तिचं नाव काढत नव्हतं. शेजारी तर विषयच बदलायचे. आणि इथे एकेचाळीस जणांचं गाव तिला हाका मारत होतं.

मिस्त्रींनी चादर खाली ठेवली. ग्रीसने काळं झालेलं बोट माझ्यावर फिरवत त्यांनी एकेक अक्षर शोधलं आणि लिहिलं, "बरं नव्हतं. आता बरी आहे."

तो पहिला खोटा निरोप मी पोहोचवला. मित्रांनो, मला ते बोट परकं वाटलं होतं, तरी मी एकही अक्षर अडवलं नाही.

त्यानंतर ते रोज बसू लागले. हात दुखतो म्हणून हळू लिहिते, असं त्यांनी गावाला सांगितलं. गावाने विश्वास ठेवला, एका कासवाखेरीज. कासव हा गावातला जुना, हळू काम करणारा, पण पक्कं बांधणारा माणूस. त्याने विचारलं, "काकू, नदीपलीकडच्या आपल्या कामाचं तुम्ही काहीच विचारलं नाहीत?"

"कसलं काम?" मिस्त्रींनी लिहिलं.

थोड्या वेळाने त्याने फक्त काकूंना दिसेल असा निरोप पाठवला. "तुम्ही काकू नाही आहात. काकू बऱ्या आहेत ना?"

मिस्त्रींनी तो निरोप बंद केला. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

पुढच्या रविवारी भिंगरीने बैठकीत सांगितलं की कोठारातलं निम्मं बियाणं गायब आहे आणि ते कासवाने नेल्याची नोंद आहे. एकच गलका उडाला. कासवाने आपला संशय गावापुढे न उघडता लिहिलं, "काकूंना विचारा. त्यांना माहीत आहे." सगळे थांबले. कासवाच्या बाजूने कोणी पुढे आलं नाही. आता नियमाप्रमाणे काकू बोलणार, हे गावाला ठाऊक होतं.

मिस्त्रींनाही ठाऊक होतं. पण हा माणूस गावात राहिला तर आज ना उद्या सगळ्यांना सांगणार, आणि मग तिला हाका मारणारं कोणीच उरणार नाही, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. त्यांनी 'का' टाइप केलं. 'ढ' सापडेना. मला वाटलं, तेवढ्यात त्यांचा विचार बदलेल. पण त्यांनी डाव्या हाताने शिफ्ट दाबून धरलं आणि उजव्या बोटाने तो शोधून काढलाच.

"काढा."

मग काळ्या दगडांचा ढीग झाला. कासवाने "ठीक आहे" एवढंच लिहिलं. त्याचं घर पाडलं गेलं आणि तो खेळातूनच निघून गेला.

मिस्त्रींना आणखी एक सवय लागली होती. चहा पिताना ते काकूंचे जुने निरोप थोडे थोडे वाचायचे. दहा दिवसांनी ते हॉस्पिटलच्या आदल्या दिवशीच्या निरोपाशी आले. काकूंनी कासवाला लिहिलं होतं, "यंदा पूर मोठा येईल असं दिसतंय. निम्मं बियाणं पलीकडे उंचावर नेऊन ठेव. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांना सांगते."

चहा निवून गेला. मिस्त्रींनी मुलीला फोन लावला.

"अगं, मी एक गाढवपणा केलाय." त्यांनी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, आईच्या नावाने माणसाला हाकललंत?"

"हो."

"आई असती ना, तर आठ दिवस तुमच्याशी बोलली नसती."

"आठ दिवसांनी तरी बोलली असती गं," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी त्या दोन ओळी लिहिल्या. "इतके दिवस कोण बोलत होतं?" या प्रश्नाला "मी. तिचा नवरा," असं उत्तर दिलं आणि काकूंनी कासवाला लिहिलेला निरोप सगळ्यांना दाखवला. काहींनी फार कडक लिहिलं. मिस्त्रींनी ते वाचलं, पुसलं नाही. भिंगरी मात्र म्हणाली, "तुम्ही एक शब्द लिहिलात, काका. पण दगड आम्हीच टाकले. आमच्यातलं एकही माणूस त्याच्यासाठी बोललं नाही, ते काही तुम्ही लिहिलं म्हणून नव्हे."

ती नदीपलीकडे जाऊन आली. बियाण्याची पोती जशीच्या तशी होती, वर झाकणही घातलेलं होतं. गावाने निर्णय मागे घेतला. पण कासवाला ते कळवायचं कसं? त्याचं खातं बंद होतं. त्याचा ई-मेलचा पत्ता फक्त काकूंच्या जुन्या निरोपांत होता.

"मी लिहितो त्याला," मिस्त्रींनी गावाला सांगितलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा असं आम्ही नेहमी सांगतो. धूळ झाडा, पाणी सांडू नका. तेही करा. पण मला त्याहून जास्त जपावंसं वाटतं ते दुसऱ्याचं नाव. आपल्या माणसाच्या जागी बसायची वेळ आली, तर त्याला मिळणारा मान घेण्याआधी त्याचं काम हातात घ्या. काकूंचं काम होतं, एकट्या पडलेल्याच्या बाजूने बोलणं. आम्ही दोघांनी तेवढंच सोडून बाकी सगळं केलं.

या गोष्टीला आता चार आठवडे झाले. मिस्त्री रोज सकाळी दुकान उघडण्याआधी माझ्यासमोर बसतात. "कासव" असं लिहितात. पुढचं वाक्य जुळवून बघतात, पुसतात आणि खाली जातात.

ते पत्र अजून गेलेलं नाही.