गोधडीचा दोरा

केरूच्या हातची शिवण उसवली, असं दिंडोरीत आजवर कोणी म्हटलं नव्हतं. कोणी म्हटलं असतं तर केरूने त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. ट्रॅक्टरच्या सीटा, घोड्यांचे लगाम, ढोलाच्या वाद्या, सगळं त्याच्या आरीखालून जायचं. नायलॉनचा दोरा दुहेरी घ्यायचा, त्याला मेण लावायचं आणि दातओठ खात ओढायचा. ट्रॅक्टर भंगारात जाईल पण सीट फाटायची नाही, असा गड्याचा तोरा.

त्याची लेक आरोही नाशिकला कॉलेज करता करता घोड्यावरून बाण मारायला शिकली, तेव्हा बापाला आभाळ ठेंगणं झालं. पण गेल्या साली तिथल्या एका मेळाव्यात भर धावेत तिच्या पाठीवरचा भाता निसटला, बाण मातीत विखुरले आणि लोक फिदीफिदी हसले. पोरगी घरी आली ती ताटावर नुसती बसून राहिली. केरूला ते फार लागलं. यंदा गावाने दसऱ्याच्या शिलंगणाला घोड्यावरून बाण सोडायचा मान तिला दिला, तसा त्याने विडाच उचलला. भाता नवा करायचा, चामड्याचा, आणि एकदा पाठीवर चढला की सुटता कामा नये.

आणि खरं सांगायचं तर भाता झालाही फक्कड. खांद्यावरचा पट्टा चांगला रुंद, त्याखाली जुन्या घोंगडीचा तुकडा, म्हणजे खांदा सोलवटायला नको. बुडाशी लोकर कोंबलेली, म्हणजे बाण खुळखुळायला नकोत. दुसरा पट्टा काखेखालून, म्हणजे घोडी कितीही उधळली तरी भात्याने पाठीवर नाचायला नको. दोन्ही पट्टे छातीवर एका पितळी कडीत येऊन मिळायचे. खंडेनवमीच्या सकाळी आरोहीने तो घालून पाहिला. म्हणाली, सगळं झकास आहे, फक्त कडी बरगडीला टोचते, बोटभर खाली घ्या. केरूने लगेच कडीपाशी शिवण उसवली, आरीने नवी भोकं पाडून ठेवली आणि आलोच म्हणून आंघोळीला गेला. तिथेच घोळ झाला.

अंग पुसत बाहेर येतो तो काय, बायकोने, सुलाबाईने, आरी, रापी, सुया, मशीन, सगळं पुसून पाटावर मांडलेलं. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. खंडेनवमीला हत्यार पुजलं की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्याच्या घरचा बापजाद्यांपासूनचा नेम. केरूने खूप आदळआपट केली, पण माळ बाजूला सारायची काही त्याची छाती झाली नाही. इकडे दुपारी तर रंगीत तालीम ठरलेली. शेवटी सुलाबाईने गोधडी शिवायची सुई काढली. ती काही पूजेत नव्हती. केरूने पाडलेल्या भोकांतून तिने साधा सुती दोरा ओवला आणि कडी जोडून दिली.

"हा दोरा गोधडीला ठीक हाय," केरू म्हणाला. "चामड्याला नाय."

"आजच्यापुरतं निभंल," सुलाबाई म्हणाली.

केरू धुमसतच शिवारात गेला. भाता पुन्हा पडणार, आणि यंदा गावादेखत पडणार, हेच त्याच्या डोक्यात. उद्या पूजा उचलली की पहिलं काम ही शिवण काढून टाकायचं, असं त्याने मनाशी घोकलं.

तालमीला गावातल्या रंगनाथची वरातीतली घोडी आणली होती. वाट द्राक्षबागांच्या कडेकडेने जाणारी. पहिली फेरी अशी झाली की केरू मनातला राग विसरला. आरोहीचा हात मागे गेला की बाण हातात. भाता पाठीला चिकटून बसलेला. दुसऱ्या फेरीला ती वळणावर आली आणि बागेत फवारणीचा ब्लोअर एकदम घरघरला. घोडी बिचकून आडवी पळाली, थेट द्राक्षांच्या मांडवाच्या कडेला. मांडवाच्या लोखंडी अँगलला वर वाकलेलं तारेचं टोक होतं. ते भात्याच्या तोंडात अडकलं.

घोडी पुढे गेली. पोरगी मागेच राहिली, लटकलेली. तिच्या भाराने पट्टे वर सरकले आणि कडी गळ्याशी आली. आरोही हवेत पाय झाडत होती. मग तट्‌कन काहीतरी तुटलं आणि ती खाली ढेकळांत पडली.

माणसं धावली. तिला खोकल्याची उबळ आली, मग श्वास लागला, मग ती रडायला लागली. कोपर खरचटलं होतं, गळ्यावर लाल वळ उठला होता. बाकी धडधाकट होती. तिला जवळ घ्यायचं सोडून केरू तारेवर लोंबणाऱ्या भात्याकडे बघत राहिला. त्याने तो काढला, एकेक जोड ओढून पाहिला. त्याच्या हातचा एकही टाका हललेला नव्हता. तुटला होता तेवढा गोधडीचा दोरा. सकाळी आंघोळ जरा उशिरा केली असती तर तिथेही नायलॉनच असता, दुहेरी, मेण लावलेला. हे केरूच्या आत्ता ध्यानात आलं.

"केरूभाऊ, शिवण उसवली की राव तुमची," रंगनाथ म्हणाला.

केरूने आरोहीला हात देऊन उठवलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलली. केरू आरी घेऊन बसला. समोर नायलॉनचं रीळ होतं, त्याला तो हात लावीना. त्याने सुलाबाईकडे गोधडीचा दोरा मागितला. तिने तो सुईत ओवूनच दिला. त्याने कडी शिवली, भाता पायाखाली दाबला आणि पट्ट्याला सगळ्या ताकदीने हिसका दिला. शिवण तुटली. त्याने समाधानाने मान डोलावली आणि पुन्हा तसंच शिवायला घेतलं.

आरोही गळ्याला रुमाल बांधून दारात उभी होती.

"आप्पा, धावताना सुटला तर? लोक हसतील."

"हसू दे," केरू म्हणाला, आणि दोऱ्याला एकच गाठ मारली.