रीत कुठे आहे?

सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर लाल चौकट उगवली : "आपली परवाना-चावी वैध नाही." झटपटबाईंनी ती बंद केली. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा बंद केली, तर कॉम्प्युटरच गोठला.

झटपटबाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. लिफ्टचे पोलादी दोर इथे यंत्रात ओढून तोडतात, किती ताणाला तुटले ते लिहितात आणि पास की नापास ते ठरवतात. बाईंना निकालाला उशीर माहीत नाही, म्हणून हे नाव. निकाल काढायचं गणिताचं सॉफ्टवेअर मात्र भलतंच महाग. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं कुलूप फोडून ते एका सीडीवर आणून दिलं होतं. सीडीवर स्केचपेनने एकच शब्द लिहिलेला : "चालतं". माणसांचे जीव ज्या दोरांना लटकतात, त्यांचा सगळा भरवसा या एका शब्दावर!

"काय झालं, मॅडम?" बाईंच्या वरच्या साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढली.

"चावी मेली, साहेब. हॉस्पिटलच्या लिफ्टचे दोर काल पास झालेत, पण आकडेमोडीचा कागद छापायचा राहिलाय."

"मग शोधा दुसरी चावी कुठेतरी. साडेचारला त्यांचा माणूस येतोय. सगळे तेच करतात, इथली रीतच आहे ती."

वाचकहो, जरा आपापल्या ऑफिसात नजर टाका. दुकानातून साबणाची वडी उचलायची झाली तर आपले हात कापतील. सॉफ्टवेअर ढापताना मात्र आपण वर टाळ्या देतो! चोरीला 'कॉपी' म्हटलं की ती चोरी राहत नाही, असा आपला गोड समज आहे.

दुपारी बाई घरी गेल्या. घर दहा मिनिटांवर. घरात त्यांची नणंद, निवृत्त गणितशिक्षिका. उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नसेल तर ही बाई वहीत भोपळा काढायची. त्यामुळे मुलांनी तिचं नावच 'रीतबाई' ठेवलं होतं.

"ताई, तुमच्या लॅपटॉपवर ते कसलंतरी फुकटचं गणिताचं आहे ना? चार आकडे टाकून द्या पटकन."

"फुकटचं नाही, वहिनी. मुक्त."

"एकच ते!"

"इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द पुरतो. आपल्याकडे दोन आहेत, तर वापर की! फुकट म्हणजे पैसे पडले नाहीत. मुक्त म्हणजे झाकण उघडून आत बघायला, दुरुस्त करायला आणि शेजाऱ्याला द्यायला कुणाची आडकाठी नाही. सांग आकडे."

"दोराचे चार तुकडे तोडले, त्यांचे ताण : अठ्ठावन्न, बासष्ट, पंचावन्न, एकसष्ट. सरासरीतून पसाऱ्याची, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याची, दुप्पट वजा करायची. त्रेपन्नच्या वर राहिलं तर पास. आमचं त्रेपन्न पूर्णांक बावन्न आलंय."

रीतबाईंनी आकडे टाकले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "माझं बावन्न पूर्णांक अडुसष्ट."

"म्हणजे नापास? छे! बघा, फुकटच्या वस्तूचं हे असंच असतं!"

"थांब. भांडायचंय कशाला? रीत बघू."

रीतबाईंनी दोन-चार बटणं दाबली, आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटातला मजकूरच पडद्यावर आला. बाई वाकून बघू लागल्या. अकरा वर्षं निकाल काढले, पण निकाल आतून कसा निघतो ते त्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होत्या.

"हे... हे असं दिसतं? कुणालाही?"

"मला, तुला, समोरच्या न्हाव्यालासुद्धा. ही ओळ वाच. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, एकूण संख्येतून एक वजा करून भागा, आणि वर्गमूळ काढा. तो पसारा."

बाईंनी पेन्सिल ओढली. सरासरी एकोणसाठ. फरक एक, तीन, चार, दोन. वर्गांची बेरीज तीस. तिसाला तिनाने भागलं तर दहा. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट वजा केली, तर नणंदेचं उत्तर. मग त्यांनी तिसाला चाराने भागून पाहिलं. साडेसात. पुढे गणित केलं आणि कागदावर उतरलं त्रेपन्न पूर्णांक बावन्न!

"आमचं चाराने भागतंय," त्या पुटपुटल्या. "पण एक कमी का करायचा?"

"सरासरी याच चार तुकड्यांतून काढलीस ना? मग ती त्यांच्याच बाजूची असणार. घरच्या माणसाने घरच्यांना दिलेली साक्ष! पसारा असतो त्याहून कमीच दिसणार. म्हणून एक कमी करून भागायचं आणि ती सवलत काढून घ्यायची. तुमच्या नियमपुस्तकात काय लिहिलंय?"

नियमपुस्तक! बाईंनी ते पिशवीतून काढलं. तिसऱ्या पानावर स्वच्छ छापलं होतं : एक वजा करून भागावे. अकरा वर्षांत ते पान कुणी उघडलंच नव्हतं. सॉफ्टवेअर करतंय ना, मग झालं!

"सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं चुकलं का, ताई?"

"कुणास ठाऊक. कदाचित दोन्ही पद्धती असतील आणि कुणीतरी भलतीच निवडून ठेवली असेल. कुलूप फोडणाऱ्यानेच काही बिघडवलं असेल. तू विचारणार कुणाला? चोरीच्या मालाची तक्रार कुठल्या खिडकीवर करतात गं?"

बाईंनी नियमपुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

"आणि एक ऐक. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे देवाचा शब्द नव्हे. त्यातही काही ठिकाणी वेगळं सांगितलं नाही तर एक वजा न करता पूर्ण संख्येनेच भागतात. चुका तिथेही असतात. पण त्या दिसतात! दिसणारी चूक सुधारते. झाकलेली चूक लिफ्टमध्ये बसते."

बाई उठल्या. जेवण तसंच राहिलं.

साडेतीनला त्यांनी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. वर ठळक अक्षरांत 'नापास', खाली पेन्सिलने सगळी रीत.

"वेड लागलंय का, मॅडम? काल पास, आज नापास? तेही फुकटच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर?"

"त्याच्या भरवशावर नाही, साहेब. त्याने रीत दाखवली, ती मी हाताने केली. आता तुम्ही करा."

"पण माणूस येतोय! काय सांगू त्याला?"

"सांगा, दोर बदला. हॉस्पिटलची लिफ्ट आहे ती, साहेब. स्ट्रेचरवरचा माणूस जिन्याने जात नाही!"

साहेबांनी रागारागाने पेन्सिल उचलली. एक, नऊ, सोळा, चार. तीस. तिसाला तीन... पेन्सिल थांबली. त्यांचंही उत्तर तेच उतरलं : बावन्न पूर्णांक अडुसष्ट.

"आणि जुने निकाल?" शेवटी त्यांनी हळूच विचारलं.

"वह्या कपाटात आहेत. उद्यापासून एकेक काढते."

हॉस्पिटलची लिफ्ट तीन आठवडे बंद राहिली. लोकांनी शिव्या घातल्या, त्या प्रयोगशाळेने खाल्ल्या. अकरा वर्षांतले दोन निकाल उलटे निघाले. दोन्ही ठिकाणी दोर बदलायची पत्रं गेली आणि खाली सही होती साहेबांची. प्रयोगशाळेत मुक्त सॉफ्टवेअर आलं. महिन्याभराने त्याच्या मदतपानातलं एक वाक्य बाईंना गुळमुळीत वाटलं. कुठल्या आकड्याने भागतात तेच त्यात धड कळत नव्हतं. त्यांनी बनवणाऱ्यांना तसं लिहिलं. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं : "बरोबर आहे. सुधारलं." बाईंनी ते वाक्य नणंदेला तीनदा वाचून दाखवलं.

जुनी सीडी त्यांनी फेकली नाही. भिंतीवर लावली आणि 'चालतं'पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

तेव्हा वाचकहो, फोडलेल्या कुलपाशी बसून "इथली रीतच आहे" म्हणणं आता पुरे! ती रीत नव्हे, ती खोड. रीत म्हणजे उत्तर कसं आलं ते दाखवणं. ज्या गणितावर माणसांचे जीव टांगलेले असतात, ते सगळ्यांना उघडून बघता आलं पाहिजे. आणि उघडं ठेवलेलं असूनही आपण बघत नसू, तर भोपळा आपल्याच वहीत पडायला हवा.