वीसपैकी सहा

शुभंकरने दोरीवर ओला टॉवेल टाकला, चिमटा लावला आणि मागे न बघता विचारलं, "सात आणि पाच?"

"बारा."

"नऊ आणि आठ?"

"सतरा. बाबा, अवघड विचार ना."

सहा वर्षांची संस्कृती गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. बोटांवर मोजायला तिचे हात मोकळे नव्हतेच. शुभंकरने आणखी दहा बेरजा घातल्या, एकही चुकली नाही. मग त्याने हात पुसून मोबाइलवरचा शाळेचा निरोप पुन्हा वाचला. 'अंकगाडी'मध्ये संस्कृतीला सलग पाचव्या दिवशी वीसपैकी सहा. पालकांनी शनिवारी भेटावे. सोमवारपासून तिला कच्च्या मुलांच्या गटात बसवावे लागेल.

अंकगाडी हा टॅबवरचा बेरजांचा खेळ. उत्तर बरोबर आलं की गाडी पुढच्या स्टेशनात जाते. तो शुभंकरच्याच कंपनीने बनवला होता. "मुलं टॅबला चिकटणारच आहेत, तर निदान काहीतरी शिकून उठू देत," हे त्यानेच कर्वेनगरच्या या शाळेत पालकसभेत उभं राहून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता त्याचीच मुलगी कच्ची निघत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरात सापडावा, याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे काही कळतच नव्हतं.

बिघाड टॅबमध्ये असेल म्हणून त्याने स्वतः खेळून पाहिलं. वीसपैकी वीस. बायकोला, दीपमालाला, खेळायला लावलं. तिलाही वीस.

"तिच्याजवळ बसून पाहा ना एकदा," दीपमाला म्हणाली. ती अकोल्याची, तिला साधं सरळ बोलता येत असे.

"बसून काय करू? वारा घालू?"

गाडीतला आवाजही शुभंकरचाच होता. ठरलेल्या कलाकाराचा घसा ऐनवेळी बसला, म्हणून सदाशिव पेठेतल्या स्टुडिओत याला माइकसमोर उभं केलं. 'बरोबर. पुढे.' हे त्याला एका दमात जमलं. उत्तर चुकल्यावरचं वाक्य मात्र अकरा वेळा म्हणावं लागलं. "साहेब, दुकानावरची पाटी वाचताय का?" रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता. "समोर लेकरू आहे असं समजा."

संध्याकाळी संस्कृतीला तिचा ठरलेला अर्धा तास मिळाला. ती सोफ्याच्या कोपऱ्यात टॅब घेऊन बसली. शुभंकर निवडलेल्या मेथीची चाळण हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

आठ आणि चार. तिचं बोट थेट बारावर गेलं, तिथे थांबलं आणि सरकून अकरावर टेकलं.

"चुकलं तर चुकलं," टॅबमधून शुभंकर म्हणाला. "मला काही घाई नाही. आपण दोघं मिळून पुन्हा मोजू."

संस्कृतीने हनुवटी गुडघ्यावर टेकवून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग दहा दाबलं. मग तेरा. चौथ्या वेळेला तिचे ओठही आवाजाबरोबर हलत होते.

आधी त्याला वाटलं, ही आपली टिंगल करते आहे. पण ती हसत नव्हती. सकाळी तिच्या हातून दूध सांडलं तेव्हा तो म्हणाला होता, "वा. फरशीला भूक लागली होती वाटतं." घरात असंच बोलतात, त्याचे वडीलही असंच बोलायचे, आणि त्याने कोणी मरत नाही, असं तो आजवर मानत आला होता. त्याला लाज वाटली. त्या गाडीतल्या माणसाचा हेवाही वाटला, आणि स्वतःच्याच आवाजाचा हेवा करणाऱ्याने पुढे काय करायचं असतं ते त्याला सुचेना. मेथीची काडी काडी तो उगाच पुन्हा निवडत राहिला.

शेवटी त्याने इंजिनिअरला जे सुचेल तेच केलं. गुरुवारी टॅब देताना आवाज बंद करून दिला.

"आज असंच खेळ. शेजारचं बाळ झोपलंय."

सहा मिनिटांत तिने टॅब परत आणून दिला. वीसपैकी वीस. तासाभरात शाळेचा निरोप आला, प्रगती समाधानकारक, शनिवारी येण्याची गरज नाही. त्याने तो दीपमालाला दाखवला.

"काय केलंत?"

"सेटिंग."

संस्कृती तेव्हा खिडकीशी उभी होती. अर्ध्या तासातली चोवीस मिनिटं शिल्लक होती, पण तिने ती मागितली नाहीत.

शुक्रवारी सकाळी दीपमाला लवकर कामाला गेली होती. शुभंकर एका हातात दप्तर आणि दुसऱ्यात पाण्याची बाटली घेऊन दाराशी उभा होता. खाली शाळेची व्हॅन येऊन थांबली होती. बुटांच्या कपाटाशेजारच्या बाकावर बसून संस्कृतीने डावा बूट उजव्या पायात घातला, उजवा डाव्यात. बालवाडीपासून तिचे बूट कधी उलटसुलट झाले नव्हते. पट्टे नीट दाबून तिने हात मांडीवर ठेवले आणि वर पाहिलं.

डोळे आहेत की बटणं, हे त्याच्या जिभेवर आलंच होतं. त्याने ते गिळलं.

खाली हॉर्न वाजला.

"चुकलं," तो म्हणाला, "तर..."

आवाज कोरडाच निघाला. त्याने घसा खाकरला. वाक्य पाठ होतं, पण पुढे सरकेना. हॉर्न पुन्हा वाजला. संस्कृतीने घाई केली नाही. ती बाकावर जराशी सरकली, एका माणसापुरती.

त्याने दप्तर खाली ठेवलं आणि बसला. तिने उजवा पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. खाली तिसऱ्यांदा हॉर्न वाजला आणि मग व्हॅन निघून गेल्याचा आवाज आला.