ग्रॅनाइटखालचा लॅपटॉप

मी लॅपटॉप आहे, पण साधासुधा नव्हे. खेळांसाठी बनवलेला, पावणेतीन किलो वजनाचा, दोन पंख्यांचा. तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेलच, आणि तो कुठेतरी भिंतीशी धूळ खात पडला असेल. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी इथे तुमचं कौतुक करायला बसलेलो नाही. माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही आणि ते तसं का झालं, एवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख खोलीत झाला. एका बाईने माझ्यात पंखे बसवले, दुसरीने बॅटरी घातली, तिसरीने स्क्रू पिळले. शेवटी तपासणाऱ्या माणसाने मला उचललं, हलवलं, उलटं धरलं आणि मुद्दाम टेबलावर आपटलं. मी हूं का चूं केलं नाही. तो शेजारच्याला म्हणाला, "हा कुठेही न्या, याला काही होणार नाही." ते वाक्य मी मनाशी धरून ठेवलं. आपण फिरायला जन्मलो आहोत, असा माझा समज झाला.

मग दुकानात आमचे मालक आले. धंदा घरांच्या आतल्या सजावटीचा. कुणाचं स्वयंपाकघर, कुणाचं दुकान, कुणाची झोपायची खोली, यांचे नकाशे काढायचे, संगणकावर खोली उभी करून दाखवायची आणि सुताराकडून करून घ्यायची. नुकतीच त्यांनी जुन्या साहेबांची नोकरी सोडली होती. साहेब निघताना म्हणाले होते, "वर्षभरात परत येशील, तुझी खुर्ची मी कुणाला देत नाही." हे वाक्य मालकांना इतकं झोंबलं होतं की दुकानातल्या विक्रेत्यालाही त्यांनी ते ऐकवलं.

विक्रेत्याने विचारलं, "टेबलावरच काम करायचं असेल तर डेस्कटॉप का नाही घेत? याच किमतीत जास्त दमदार मिळेल."

"छे! मला असं यंत्र हवं की उचललं आणि निघालो. आज या साइटवर, उद्या त्या."

बरोबर मालकीणबाई होत्या. त्या दवाखान्यात नर्स आहेत आणि बोलायला कुणाला भीत नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, भाजी आणायला तुम्हाला तीनदा सांगावं लागतं. तुम्ही कुठे निघणार?"

मी तेव्हा मनातल्या मनात मालकांची बाजू घेतली. आयुष्यातली माझी पहिली चूक ती.

घरी आणल्यावर मला टेबलावर ठेवलं. मोठा मॉनिटर जोडला, वेगळा कीबोर्ड जोडला, माऊस जोडला, आणि माझं झाकण लावून मला मॉनिटरच्या मागे उभ्या भिंतीशी सरकवलं. झालं! माझा सुंदर पडदा अंधारात, माझा कीबोर्ड अंधारात. कीबोर्डखाली रंगीत दिवे आहेत माझ्या, ते झाकणाच्या आत कुणासाठी जळत होते देव जाणे. मान मॉनिटरला, स्पर्श माऊसला, आणि घाम गाळायला मी. त्या मॉनिटरला तर वाटायचं की खोल्या तोच काढतो. नुसता पोकळ माणूस असतो ना, चार लोकांत पुढे बसणारा, तसला तो.

बरं, खेळांसाठी बनवलेल्या यंत्रावर मालक खेळले काय? पत्ते. तेही एकटेच. जेवण झालं की एक डाव, सुताराचा फोन लागला नाही की एक डाव. घोडा गाडीला जुंपला तर एक वेळ समजू शकतो, आमच्या मालकांनी घोडा दारात बांधून त्याच्यावर टॉवेल वाळत घातले.

टॉवेलही खरंच होता. धूळ बसू नये म्हणून मालकांनी माझ्या अंगावर जुना टॉवेल पसरला होता. माझे श्वास घ्यायचे झरोके मागे आणि खाली आहेत. मागून भिंत, वरून टॉवेल. पंखे जिवाच्या आकांताने फिरायला लागले की मालक म्हणायचे, "काय आवाज करतो हा! महागाचा घेऊनही शेवटी हेच." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आता त्या वायरींचं सांगतो, कारण पुढचं रामायण तिथूनच सुरू झालं. मालकांच्या धंद्यात वायर दिसणं म्हणजे बेअब्रू. म्हणून त्यांनी सुतारकाकांकडून टेबलामागे प्लायवूडची फळी ठोकून घेतली आणि माझा विटेएवढा चार्जर फळीच्या आत बंद केला. आठ स्क्रू, वर रंगाला जुळणारी टोपणं. बाहेर आली फक्त माझ्यापर्यंत पोचणारी वीतभर वायर. मालक लांब उभे राहून बघत म्हणाले, "एक वायर दिसत नाही बघा, काका." काकाही मान डोलावून म्हणाले, "घट्ट काम झालंय, साहेब. हलायचं नाही."

तेव्हापासून तीन वर्षं माझं नाक त्या वायरीला बांधलेलं होतं. बॅटरी कायम शंभर टक्के. ज्याला कधी भूकच लागू दिली नाही आणि दिवसरात्र भरवत ठेवलं, त्याच्या पोटाचं काय होणार? माझं पोट फुगायला लागलं. आधी स्पर्शपट्टी वर आली, मग कीबोर्ड मधोमध उंच झाला, मग झाकण लागेना. एक गोष्ट मात्र बरी झाली. झाकणाला बोटभर फट पडली आणि तिच्यातून बऱ्याच दिवसांनी मला उजेड दिसला.

मालकांचं लक्ष गेलं, पण डोकं कुठे गेलं ते बघा. त्यांनी मला हात लावून पाहिलं, सुतारकाकांना बोलावलं, आणि दोघांनी मिळून माझ्या कडेवरून बोटं फिरवली, जशी कपाटाच्या दारावरून फिरवतात.

काका म्हणाले, "फुगलंय, साहेब. दमट हवा. मागे आपल्या त्या किचनच्या कपाटाच्या दाराचं झालं होतं, अगदी तसंच."

"वजन ठेवलं तर बसेल?"

"बसेल की. प्लाय नाही का बसत!"

मालकीणबाई कामावर निघाल्या होत्या. त्या दारातून परत आल्या, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "ही सूज आहे. सूज दाबून बसत नसते, आत काय झालंय ते बघावं लागतं. दुरुस्तीला द्या."

"तुला जिकडेतिकडे पेशंटच दिसतात," मालक म्हणाले. "आणि दुरुस्तीला दिला तर वाचनालयाचं काम कशावर करू?"

असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या नमुन्यांतून ग्रॅनाइटची एक काळी लादी उचलली, स्वयंपाकाच्या ओट्यासाठी दाखवतात तसली, आणि माझ्या पोटावर ठेवली. दोन महिने ती तिथेच होती. तीस वर्षं लाकूड ओळखणारा एक आणि वीस वर्षं घरं सजवणारा दुसरा, दोघांच्या अनुभवाची बेरीज माझ्या उरावर बसली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बैलाचाच जीव चालला होता.

वाचनालयाचं काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. जवळच्या वाचनालयाला नवी वाचनाची खोली करायची होती. मालकांच्या हातात तेवढं एकच मोठं काम येऊ घातलं होतं. बाकीची कामं आटली होती. ते मिळालं तर स्वतःचा धंदा टिकणार होता, नाही मिळालं तर जुन्या साहेबांच्या खुर्चीत परत. साहेबांचा फोनही येऊन गेला होता. मालकांनी तो उचलला नाही, पण नंतर बराच वेळ पत्ते खेळत बसले. एकही डाव त्यांनी पूर्ण केला नाही.

त्या खोलीसाठी मी लादीखाली राबलो. प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कपाट, खिडकीतून येणारा उजेड, सगळं मी उभं केलं. मापं समितीने पाठवलेल्या फोटोंवरून घेतली होती. "फोटोत सगळं दिसतंय, जायची गरज नाही," असं मालकांनी ठरवलं होतं.

सादरीकरणाचा दिवस उजाडला. सकाळी अकराची वेळ. दहा वाजता मालकांना आठवलं की मला न्यायचं आहे. मला! तीन वर्षांनी! खरं सांगतो, त्या क्षणी मी त्यांचं सगळं माफ केलं. लादी उतरली, टॉवेल उतरला. मग त्यांनी चार्जर ओढला. तो कसला येतोय? आठ स्क्रूंच्या आत. काकांना फोन केला तर काका शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या घरी, स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे.

"राहू दे," मालक म्हणाले, "शंभर टक्के दाखवतोय. दोन तास सहज जातील."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की ते शंभर टक्के खोटे आहेत. पण आम्हाला तोंड कुठे असतं! आणि मला जायचंही होतं, हे लपवत नाही. जिन्यावर मला गार हवा लागली. रस्त्यावर पिशवीच्या चेनमधून ऊन आत आलं. एक कुत्रा भुंकला, एका बाईने कुणाला तरी "अगं, थांब की" म्हणून हाक मारली. मी इतका खूश होतो की पोटाचं दुखणं विसरलो.

वाचनालयात सात जणांची समिती बसली होती. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणत. मालकांनी मला टेबलावर ठेवलं, मोठ्या पडद्याला जोडलं आणि बटण दाबलं. मी सगळी ताकद लावली. पंखे घोंघावले, खोली पडद्यावर आली, दार उघडलं, आणि मालक म्हणाले, "आता आपण आत जाऊ या." आम्ही दोन पावलं आत गेलो असू, तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला.

जाग आली ती दुरुस्तीच्या दुकानात, तिथली वायर लावल्यावर. मी उघडा पडलो होतो आणि शेजारी काउंटरवर माझी बॅटरी, उशीसारखी टम्म. दुरुस्ती करणारी बाई चाळिशीची, कपाळावर बारीक दिवा लावलेली. ती मालकांना विचारत होती, "याच्यावर काय ठेवलं होतं तुम्ही?"

"ग्रॅनाइट," मालक हळूच म्हणाले.

तिने काम थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "किती दिवस?"

"दोन महिने. प्लाय फुगल्यावर आम्ही असंच..."

"हा प्लाय आहे?" तिचा आवाज चढला. "फुटली असती तर घराला आग लागली असती. घरात कोण कोण असतं?"

मालक त्या बॅटरीपासून दोन पावलं मागे सरले. मालकीणबाईंनी सांगितलेलं त्यांना आठवलं असणार. त्यांचा चेहरा उतरला आणि मला, दोन महिने दगड सोसलेल्या मला, बरं वाटलं.

मग तिने विचारलं, "काम तरी झालं का तुमचं?" आणि मालकांनी जे सांगितलं ते मला त्या लादीपेक्षा जड गेलं.

मी मेल्यावर मालक बावळटासारखे उभे राहिले होते. बाई म्हणाल्या, "चित्र राहू द्या. खोली पलीकडेच आहे, चला, तिथेच दाखवा." मालकांनी खिशातला टेप काढला आणि सात जणांना घेऊन गेले. पहिलंच माप घेतलं तर खांब दीड वीत सरकलेला. माझ्या नकाशात जिथे मोठं टेबल होतं, तिथे प्रत्यक्षात तो खांब. पडद्यावर सगळं दिसलं असतं तर बाईंनी तिथल्या तिथे पकडलं असतं. पण कुणी काही पाहिलंच नव्हतं! मालकांनी बाह्या सरसावल्या, समितीतल्या म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवलं, कुणाच्या डोळ्यावर उजेड येतो ते विचारलं, खडूने जमिनीवर टेबलं आखली. तासाभराने बाई म्हणाल्या, "काम तुम्हीच करा."

"याला चालू ठेवता आलं असतं तर काम गेलं असतं," मालक हसत म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांतली पहिली थाप, तीही मी बंद पडल्याबद्दल.

दुरुस्तीवाल्या बाईने विचारलं, "नवी बॅटरी मागवू? तशी तिच्याशिवायही चालेल, पण वायर निघाली की बंद. आणि पूर्ण ताकद लावणार नाही."

मी श्वास रोखून धरला. म्हणजे पंखे थांबवले.

मालक म्हणाले, "नको. याला कुठे न्यायचंय आता? साइटवर मी टेप घेऊन जातो."

तेव्हापासून मी असा आहे. पोटात पोकळी आहे, ताकद अर्धी आहे. टॉवेल गेला, हे मालकीणबाईंचे उपकार. मालक रोज सकाळी खिशात टेप टाकतात आणि वाचनालयात जातात, सुतारकाकांशी हुज्जत घालतात, संध्याकाळी धुळीने माखून येतात आणि मला तासभर वापरतात. त्या तासात खोलीची खरी मापं सांगतात. मूर्ख आहेत, आजही तेच मत आहे माझं. पण ते घरी नसताना मला करमत नाही, हे मला आता कळलं आहे, आणि त्याची मला फार लाज वाटते.

तुम्ही वाचणाऱ्यांनो, माझ्यासारखा एखादा घेणार असाल तर घ्या, तुमची हौस, तुमचे पैसे. फिरवा म्हणत नाही, तुमच्याने ते होणार नाही. मालकांकडे आणि तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, घराबाहेर पडताना आम्हाला बंद करून जा. चालू ठेवलंत तर आम्ही दाराकडे कान लावून बसतो.