शोमरचा पाक कुठे ओतायचा

आई फेब्रुवारीत मावशीकडे केबेक शहरात राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. बॅग भरली आणि गेली. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी तीन वाजता ती येणार होती. परत राहायला येणार की नाही, ते सांगायला.

सकाळी बाबा म्हणाले, "लोइक, तिला शोमर आवडतं. आपण करू."

"आपण म्हणजे कोण?"

"तू. मी बघतो."

शोमर म्हणजे बेकारांचं पुडिंग. साधा केक आणि ढीगभर मेपलचा पाक. बाबा तीस वर्षं दर मार्चमध्ये डोंगरावरच्या भट्टीत मेपलच्या झाडांचा रस उकळून हा पाक काढतायत. नुसत्या वासावरून कुठल्या आठवड्यातला ते सांगतात. पण तो पुडिंगमध्ये कसा शिरतो, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्यापुढे यायचं ते थेट वाफाळतं.

आईचा कागद सापडला. त्यावर नुसतं सामान. मैदा, लोणी, साखर, अंडं, बेकिंग पावडर. खाली लिहिलेलं, पाक दोन कप, क्रीम एक कप. कृती नाहीच. तिला कशाला लागतेय कृती.

"मावशीला फोन करू?"

"खबरदार! तुझ्या आईच्या शेजारीच बसलेली असेल ती."

मी पीठ भिजवलं, ट्रेमध्ये पसरलं. पाक आणि क्रीम उकळवलं. मग काय करायचं? मला अंधुक आठवत होतं की आई वरून काहीतरी ओतायची. मी ओतलं, सगळं.

पीठ बुडालं. अक्षरशः बुडालं. वर तपकिरी तळं.

"अरे गाढवा! कच्च्या पिठावर कोणी पाक ओततं का?"

"मग कधी ओततात?"

"भाजल्यावर! डोकं चालव जरा."

मला पटलं. खरंच, पाण्यात केक कसा भाजेल? बाबांनी डाव घेतला आणि पाक पातेल्यात परत काढायला लागले. अर्धं पीठही त्याबरोबर आलं. तेवढ्यात दार उघडलं.

आई. अडीचलाच.

तिनं ट्रे बघितला, पातेलं बघितलं, बाबांच्या बाहीवरून ओघळणारा पाक बघितला.

"गाएतां, हे काय चाललंय?"

"बुडत होतं. वाचवतोय."

"बुडूच द्यायचं असतं. पाक खाली जातो, केक वर येतो. तीस वर्षं ताटल्या चाटल्यास, एकदा तरी ओव्हनपाशी आलास का?"

मग ती खिडकीशी गेली. डोंगराकडे नजर टाकली.

"भट्टीतून वाफ दिसत नाही," ती म्हणाली. "आज ऊन आहे. झाडं धो धो गळत असतील. कोण उकळतंय?"

"कोणी नाही."

"रसाच्या टाक्या?"

"वाहत असतील."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. मार्चमध्ये वाहता रस सोडून बाबा घरात? त्यांच्या वडिलांच्या दफनाच्या दिवशीसुद्धा ते भट्टीवरूनच चर्चला आले होते, धुराच्या वासासकट.

आई हसली नाही. रडलीही नाही. तिनं पातेलं उचलून त्यांच्या हातात दिलं. "ओत. सगळं. आणि ढवळू नकोस."

ओव्हनमधून पुडिंग ओबडधोबड निघालं. एका कोपऱ्यात नुसता पाक, दुसऱ्यात नुसता केक. आईनं दोनदा घेतलं. मग ती उठली आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागली.

"जिस्लेन, तू काहीतरी सांगणार होतीस," बाबा म्हणाले.

"पुढच्या रविवारी ये मावशीकडे. शोमर घेऊन. तू केलेलं, लोइकनं नाही."

"पुढच्या रविवारी तर रस आणखी..."

"मला माहितेय कधी असतो रस."

ती गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी बाबा दारातच उभे.

"म्हणजे येणार का रे ती?"

"मला काय माहीत, बाबा."

"पण येणार नाही, असं तर नाही ना म्हणाली?"

"नाही."

"हो म्हणाली?"

"नाही."

ते आत आले. भट्टीकडे जातील असं वाटलं मला. त्यांनी खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि आईच्या कागदाच्या मागे लिहायला बसले.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "अंडं आधी की लोणी?"