दणक्या आणि आठ बोल्ट

मित्रांनो, माझा धंदा मारहाणीचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको. मी एक जुना शेक टेबल आहे. टेबल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चहाचे कप आले असतील, तर ते विसरा. माझ्यावर कप ठेवलात तर तो समोरच्या भिंतीवर सापडेल. मी म्हणजे चार टनांची पोलादी पाटी. माझ्या पोटाखाली तेलाच्या दाबावर चालणारे दांडे आहेत, आणि ते मला पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली ढकलतात. जगातला कुठलाही भूकंप मला सांगा, मी तो इथे कात्रजच्या शेडमध्ये तीस सेकंदांत करून दाखवतो. कामगार मला लाडाने दणक्या म्हणतात.

जन्माच्या वेळी मीही कमी मार खाल्लेला नाही. मला कापलं, तापवलं, डाग दिले, आणि बारा दिवस खरवडून सपाट केलं. मग माझ्या अंगाला एकशे चव्वेचाळीस भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात आटे कोरले, म्हणजे त्यात बोल्ट फिरवून कुठलंही यंत्र माझ्यावर जखडता यावं. जमिनीत खोल खड्डा खणून त्यात काँक्रीटचा भला थोरला ठोकळा ओतला आणि त्यावर मला बसवलं, की माझे हादरे बाहेर जाऊ नयेत. तरी समोरच्या सोसायटीने तीनदा लेखी तक्रार केली आहे. शेजारच्या सर्पोद्यानातल्या सापांची मात्र अजून एकही तक्रार नाही.

तुम्ही विचाराल, कशासाठी हा सगळा उपद्व्याप? मित्रांनो, भूकंप झाला की माणसं पळून मोकळ्या जागी जाऊ शकतात. यंत्रांना पळता येत नाही. त्यांनी जागच्या जागी उभं राहून काम चालू ठेवायचं असतं. आग विझवायचा पंप सुरू व्हावा लागतो. विषारी वायूची झडप बंद व्हावी लागते. वीज गेली तर दवाखान्याचा जनरेटर चालू व्हावा लागतो. म्हणून अशी यंत्रं आधी माझ्याकडे येतात आणि मी त्यांना बडवतो. सुरुवातीला हलकेच हलवून बघतो, कुठल्या हेलकाव्याला ते जास्त थरथरतं. ते एकदा कळलं की नेमकं तिथेच हाणतो. माझ्या मारातून जे उभं राहतं, त्याला प्रमाणपत्र मिळतं.

तरुणपणी मला याचा फार माज होता. विजेच्या तारा पेलणाऱ्या चिनीमातीच्या खांबांचे मी तुकडे केले. बॅटऱ्यांचे मनोरे लोळवले, तेव्हा ॲसिडने फरशी खाल्ली. एका पंपाचं बूड असं फाडलं की त्याचा मालक तिथेच मटकन खाली बसला. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, वा वा म्हणायचे. खोटं कशाला बोलू? एखाद्या यंत्राचं दार उखडून उडालं की मला बरं वाटायचं.

पुढे कोरोना आला आणि शेडला कुलूप लागलं. तेल अडवणारे माझे रबरी सील सुकले, कबुतरांनी अंगावर घाण केली. त्या दिवसांत एकच माणूस परवानगीचा कागद खिशात घालून, सायकल मारत आठवड्यातून एकदा यायचा आणि मला पुसून जायचा. तो ज्ञानदेव. मूळचा लातूरकडचा, माझ्याकडे बावीस वर्षं. यंत्र माझ्यावर जखडायचं हे त्याचं काम. तो बांधायचा आणि मी मारायचो, अशी आमची जोडी होती. बावीस वर्षांत त्याने आवळलेला एकही बोल्ट सुटला नव्हता.

आता तनयाची गोष्ट सांगतो. ही मुलगी नऱ्ह्याच्या एका छोट्या कारखान्यात पॅनेलं, म्हणजे विजेच्या खटक्यांची लोखंडी कपाटं, बनवते. तिचं पॅनेल डोंगरातल्या एका दवाखान्यासाठी होतं. तिथे जमीन अधूनमधून हलतेच. वीज गेली की त्या पॅनेलने जनरेटर चालू करायचा, म्हणजे काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या नवजात बाळांची ऊब आणि हवा बंद पडणार नाही. पहिल्या वेळी मी त्या पॅनेलचं दार फोडून टाकलं. दुसऱ्या वेळी आतले रिले, म्हणजे आपोआप वीज जोडणारे-तोडणारे खटके, खळाखळा खाली पाडले. दोन्ही वेळा तनया गुडघ्यांवर बसून तुकडे डब्यात गोळा करत होती. तिसरी संधी शेवटची होती. या वेळी पडलं तर दवाखान्याची समिती हे पॅनेल कायमचं बाद करणार होती आणि तिची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

समितीच्या माणसाला वेळ होता तो फक्त खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सकाळीच ज्ञानदेवने पाटावर सगळे पाने, हातोड्या मांडून हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडू घातले होते. मधोमध टॉर्कचा पाना. हा पाना मोठा गुणी. बोल्ट ठरलेल्या जोराला पोचला की तो 'टक्क' असा आवाज देतो आणि हाताला थांबायला सांगतो. पण पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा ज्ञानदेवचा नेम होता. मलाही त्याने हार घातला होता. मी फुशारून बसलो होतो.

"साहेब, आज पुजेचा दिस हाय. चाचणी परवा घेतली तर?" त्याने विचारलं.

अनंत सर म्हणजे आमचे प्रमुख, नारायण पेठेतले. त्यांनी चष्मा पुसत उत्तर दिलं, "सणासुदीला भूकंप रजेवर असतो, असं कुठे वाचलंत?"

ज्ञानदेव कामाला वळला. त्याने पूजेतल्या पान्याला हात लावला नाही. कोठीतून एक जुना लांब दांड्याचा पाना काढला आणि नुसत्या हाताच्या अंदाजाने आठही बोल्ट आवळले. "बावीस वर्षांचा हात हाय ह्यो," तो पुटपुटला. मला तेव्हाच कळलं होतं की एकही पुरता बसलेला नाही, आणि डावीकडचे चार तर फारच सैल आहेत. त्यांची पकड माझ्या आट्यांना जाणवत होती. पण मला बोलता कुठे येतं? मला फक्त हलता येतं.

भोंगा वाजला. मला चालवणारा पुष्कर तनयाबरोबर काचेच्या खोलीत होता; त्याने बटण दाबलं आणि मी सुटलो.

पहिल्याच हिसक्याला माझ्या गळ्यातला हार तुटला, झेंडूचा चेंदा झाला. मी पॅनेलला डावीकडे फेकलं, उजवीकडून खेचलं, खालून उचलून आपटलं. सातव्या सेकंदाला एक बोल्ट फिरू लागला. बाराव्या सेकंदाला तो निघाला, मग दुसरा, मग तिसरा. मला थांबायचं होतं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला थांबायचं होतं, आणि माझ्या पोटाखालचे दांडे मला ढकलतच होते. सहाशे किलोचं ते धूड एका अंगावर उठलं, उरलेल्या बोल्टांवर गरकन फिरलं आणि माझ्याभोवतीच्या संरक्षक जाळीवर कोसळलं. जाळी फाटली. बाजूचा पत्रा उडून खांबावर आदळला. एक सुटा बोल्ट गोळीच्या वेगाने गेला आणि खोलीची काच फोडून तनयाच्या कपाळावर बसला.

पुष्करने मला बंद केलं तेव्हा शेडमध्ये तेलाचा आणि जळक्या वायरचा वास भरला होता. तनया खाली बसली होती. रुमाल लालभडक झाला होता, रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. तिने पहिला प्रश्न केला, "कितव्या सेकंदाला पडलं?"

अनंत सर तिला गाडीत घालून टाके घालायला घेऊन गेले. समितीच्या माणसाने वहीत दोन शब्द लिहिले, 'नमुना कोसळला', आणि तोही गेला.

मागे उरला ज्ञानदेव. त्याने माझ्या रिकाम्या भोकात बोट घातलं. बोल्ट तुटला असता तर त्याचं बूड आत अडकलेलं सापडलं असतं. भोक स्वच्छ होतं. आटे शाबूत होते. बोल्ट तुटला नव्हता, सुटला होता. त्याचं बोट आतच राहिलं, बराच वेळ. मग तो कोणाला काही न बोलता घरी गेला. त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी दसरा. शेड बंद. भर दुपारी ज्ञानदेव एकटाच आला. अंगात नवा शर्ट होता, दाढी केलेली नव्हती. त्याने पूजेतला टॉर्कचा पाना उचलला, कपाळाला लावला आणि जे बोल्ट अजून माझ्या अंगात रुतून होते ते एकेक तपासायला घेतले. पहिला बोल्ट अर्धा फेरा फिरला तेव्हा कुठे 'टक्क' झालं. दुसरा त्याहून जास्त फिरला. हाताचा अंदाज सगळीकडेच कमी पडला होता.

त्याने पाना खाली ठेवला आणि माझ्या पाटीवर मुठी मारायला सुरुवात केली. एक, दोन, दहा. बोटांची सालटी निघाली, माझ्या पोलादावर रक्ताचे ठिपके पडले. मी जन्मभर दुसऱ्यांना मारलं, पण मला मारणारा हा पहिलाच माणूस. मला दुखलं नाही. त्याला फार दुखत होतं, आणि ते दुखणं हाताचं नव्हतं.

मग त्याने तिथूनच फोन लावला.

"दसऱ्याच्या शुभेच्छांसाठी मेसेज पुरला असता," पलीकडून अनंत सर म्हणाले.

"न्हाई साहेब. पॅनेल पडलं न्हाई. म्या पाडलं."

पलीकडून प्रश्न आला, "टॉर्कचा पाना कुठे होता?"

"पुजेत."

"कागदावर तर आठही बोल्ट त्याच पान्याने आवळल्याची सही आहे."

"माझीच हाय. खोटी हाय." त्याने सोलवटलेली मूठ मांडीवर दाबली. "पोरीच्या कपाळाला टाके पडले साहेब. आन तिला वाटतंय तिचंच चुकलं."

"चाचणी आजच घ्या, असं मी म्हणालो होतो," अनंत सर म्हणाले. "दुसरा पाना मागवायला मला एक फोन पुरला असता. तेही कागदावर येईल. आता घरी जा आणि हाताला औषध लावा." हाताचं त्यांना कसं कळलं, कोण जाणे. बहुधा ते ज्ञानदेवला ओळखत असावेत.

समितीला पत्र त्यांनी स्वतः लिहिलं: दोष पॅनेलचा नाही, आमचा आहे. समितीने सहा आठवडे दिले. तनयाने मोडक्या सांगाड्यातून पुन्हा पॅनेल उभं केलं. मात्र आमच्याकडे नियम असा, की ज्याच्या हातून बांधणीत चूक झाली त्याने पुन्हा बोल्टला हात लावायचा नाही. ज्ञानदेव झाडू घेऊन कोपऱ्यात उभा होता. पुष्करने पाना उचलला.

तनयाच्या कपाळावर अजून लाल रेघ होती. ती सरळ ज्ञानदेवसमोर गेली.

"काका, टाक्यांचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण ते दोन दिवस मी सगळी आकडेमोड उलटी-सुलटी करून पाहिली. मला वाटायला लागलं होतं, की मला हे काम येतच नाही. त्याचा मला तुमच्यावर राग आहे. अजून आहे."

मग ती मागे वळली.

"सर, बोल्ट यांनाच आवळू द्या," तिने अनंत सरांना सांगितलं. "कुठे चुकलं ते विचारायच्या आत सांगणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. फक्त काका, आठही वेळा तो आवाज मला ऐकू आला पाहिजे."

अनंत सरांनी घड्याळात पाहिलं. "नियमाला अपवाद करायचा तर लेखी करावा लागेल," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून लिहायला बसले.

तनया माझ्या कडेला उकिडवी बसली. ज्ञानदेव आवळत गेला आणि ती मोजत गेली. टक्क. टक्क. आठवा आवाज झाल्यावर त्याने पाना तिच्या हातात दिला, आणि तिने प्रत्येक बोल्ट स्वतः तपासला. मग दोघं नव्या जाड काचेमागे गेली.

मित्रांनो, आता मनातलं सांगतो. भोंगा वाजला तेव्हा मला वाटलं, आज एक धक्का कमी मारावा. या पोरीने पुष्कळ सोसलं आहे. मला थांबता येत नसलं, तरी जुन्या सीलचं निमित्त करून थोडा हात राखला तर कोणाला कळणार आहे? पण मग मला त्या काचेच्या पेट्या दिसल्या, आणि त्यांतली ओंजळीएवढी बाळं. मी आज दया दाखवली तर ती त्यांच्या अंगावर शेकणार होती. मग मी हात राखला नाही. मी त्या पॅनेलला असं झोडपलं, असं हिसडलं, असं आपटलं, की माझं स्वतःचं एक सील फाटलं आणि तेलाची चिळकांडी भिंतीवर उडाली. पत्रे किंचाळले. पॅनेल वाकलं, थरथरलं, एकदा तर वाटलं गेलंच. बोल्ट माझ्या अंगात दात रोवून बसले होते. पंचविसाव्या सेकंदाला पुष्करने मुद्दाम पॅनेलची वीज तोडली, आणि तसल्या तांडवात आतला रिले लागला. जनरेटरला 'चालू हो' म्हणणारा हिरवा दिवा पेटला. तिसाव्या सेकंदाला मी थांबलो तेव्हाही तो पेटलेलाच होता.

कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. तनया आली, दोन्ही हात पॅनेलला लावून सगळ्या ताकदीने ढकलून पाहिलं. ते हललं नाही. मग ती तिथेच कपाळ टेकून रडली. ज्ञानदेव बाजूला उभा होता. त्याने चिंधी घेतली आणि माझं सांडलेलं तेल पुसायला लागला.

आता मी थकलो आहे. माझ्या जागी नवा टेबल येणार, अशी बोलणी चालली आहेत. येऊ द्या. जायच्या आधी माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या वर्गात एखादं उंच लोखंडी कपाट असेल, घरात डोक्याशी पुस्तकांची मांडणी असेल, माळ्यावर पाण्याची टाकी असेल. उद्या जा आणि तिला हात लावून बघा. हलली तर मोठ्यांना सांगा, ती बांधून घ्या. आणि बांधताना तुमच्याच हातून काही सैल राहिलं असेल, तर लाज वाटली तरी तेही सांगा. मी मारायच्या आधी भोंगा वाजवतो. जमीन वाजवत नाही.