हाक मारली तरच

एकोणीसशे एकोणऐंशी साली, एका रविवारी सकाळी, धाकट्या बहिणीने मला खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून दिली.

“ताई, हाक मारली तरच आत यायचं.”

तिला कळा सुरू होऊन तीन तास झाले होते. मी तेव्हा सोळा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते.

“डॉक्टर नको, सुईण नको. मग मला कशाला बोलावलंस? शोभेला?”

“बहीण म्हणून. नर्सला घरी ठेवून आली असशील तर बस.”

तिने दार लोटलं. कारण मला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी माझ्याच वॉर्डात झाली. ओळीने पाच टेबलं, मधे पडदे नाहीत. पहिलटकरणीला बाळाची वाट मोठी करायला कात्री लावायचीच, असा तिथला नियम. तिला विचारायची पद्धत नव्हती. ती किंचाळली, तेव्हा रोज दहाजणींना म्हणायचे तेच मी म्हणाले, “आता कशाला ओरडतेस? नऊ महिन्यांपूर्वी ओरडायचं होतंस.” वॉर्डातल्या मावश्या हसल्या. समोर आपली बहीण आहे हे माझ्या तोंडाला उशिरा कळलं.

मेहुण्यांनाही तिने बाहेर काढलं होतं. ते तिसऱ्यांदा पाणी उकळत होते.

“ताई, हे पाणी कशाला लागतं हो?”

“तिने सांगितलंय ना?”

“छे! सिनेमात बघितलंय.”

बाराच्या सुमारास बाळ रडलं. खणखणीत. मेहुण्यांनी स्टोव्ह बंद केला. मग आत सगळं शांत झालं. मी घड्याळ पाहत राहिले.

वीस मिनिटांनी विचारलं, “बाळामागून वार पडली का गं?”

उत्तर नाही.

“रक्त किती जातंय?”

बाळंतपणानंतर वॉर्डात उशिरा आणलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. पांढऱ्याफटक, बोलता बोलता गप्प झालेल्या. पस्तिसाव्या मिनिटाला मी दार ढकललं.

ती भिंतीला टेकून बसली होती. बाळ अंगावर पीत होतं. वार परातीत, अख्खी. रक्त जेवढं जावं तेवढंच गेलेलं. माझा हात तोवर तिच्या पोटावर गेला होता, सवयीने.

“हात काढ, ताई.”

मी काढला.

“घाबरले गं मी.”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि बाळाकडे वळली.

मी आजही तशा वेळी दार उघडीन. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही, आत्ताही सुचत नाही.

मेहुणे आठ वर्षांपूर्वी गेले. थोरली भाची शाळेत शिकवते. त्या दुपारी झालेलीचं औषधांचं दुकान आहे. तिची दोन्ही बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि माझ्या बहिणीने चकार शब्द काढला नाही. मी त्या वॉर्डात आणखी अठरा वर्षं काढली. ते वाक्य पुन्हा कुणाला म्हटलं नाही. कात्री मात्र चालवत राहिले.

बहीण बरी आहे. गुडघ्यासाठी कुठली गोळी घेऊ, म्हणून मला फोन करते. तिला तिसरं मूल झालं ते त्या रविवारनंतर चार वर्षांनी. मला कळलं महिन्याने, पोस्टकार्डावरून. मुलगा झाला, आम्ही दोघं ठीक आहोत, एवढंच लिहिलं होतं.